बुंध्यावरचा डबा

अमेरिकेत बॉथेलमधल्या कुठल्याही मराठी घरातला फ्रीज उघडला की काय दिसतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीखंडाच्या डब्यात वरण, दह्याच्या डब्यात कढीपत्ता, आणि आइस्क्रीमच्या डब्यात, मुलांचा कायमचा विश्वासघात करून, मोड आलेले वाल. इला टिपणीसच्या फ्रीजमध्ये मात्र प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर तीन तारखा. केव्हा केलं, केव्हा उघडलं, केव्हा फेकायचं. अशी चिठ्ठी फक्त तिच्या नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या अंगावर नाही. असलीच तर पाठीवर असेल, म्हणजे तिसरी तारीख मला वाचता येऊ नये, असं तो स्वतःच सांगतो.

इला एका औषधांच्या कंपनीत आहे. काम ऐकायला सोपं. तयार औषध कपाटात ठेवायचं, आणि ठरलेल्या दिवशी काढून बघायचं की ते अजून तेच औषध आहे की दुसरं काही झालंय. एक कपाट थंड, एक गरम, एक चिपळूणच्या जुलै महिन्यासारखं दमट. "बदलतं सगळंच," ती म्हणते, "प्रश्न फक्त कधी, एवढाच." मी बारा वर्षं तिच्या शेजारच्या घरात राहतो. असं बोलणारी बाई शेजारी असली की माणूस कालची उसळ खाण्याआधी आपोआप वास घेतो.

नेमकं ह्याच बाईच्या हातून ते घडलं.

तीन वर्षांपूर्वीची इथल्या मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक. इलानं दहीभात केला होता, फोडणी, डाळिंबाचे दाणे, सगळं रीतसर. त्या दिवशी कधी नव्हे ते ऊन तापलं, आणि भाताच्या कूलरमधला बर्फ कुणीतरी मुलांच्या सरबतात घातला. दुपारपर्यंत भात दिसायला अप्रतिम होता. रात्री एकोणीस माणसं आजारी पडली. मंडळातल्या सौमित्रचे वडील विष्णूकाका, वय शहात्तर, चार दिवस हॉस्पिटलात होते.

मंडळातली माणसं फार सज्जन. कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर तिला निदान उत्तर देता आलं असतं. पुढच्या वर्षी मेसेज आला, "इला, तू पेपर प्लेट्स आण." त्याच्या पुढच्या वर्षी तिला बढती मिळाली: प्लेट्स आणि चमचे. तिच्या घरी कुणी गेलं तर आत्ताच जेवून आलेलं असायचं, नाहीतर उपास असायचा. बॉथेलमध्ये एवढे उपास त्याआधी कधी नव्हते. मंगळवार झाले, गुरुवार झाले, शनिवार झाले. एकानं तर रविवारचा उपास काढला आणि कुठल्या देवाचा ते घाईत सांगायचा राहिला.

विष्णूकाका मग बरे झाले, काठी घेऊन रोज दुपारी फिरायला लागले. पण इंडियन ग्रोसरीत त्यांची पांढरी टोपी दिसली की इला डाळींच्या रांगेतून मसाल्यांच्या रांगेत वळायची. तीन वर्षांत ती त्यांच्याशी बोलली नाही.

यंदा जूनमध्ये राधिकाचा फोन आला. पिकनिकचं जेवण दर वर्षी राधिका बघते. तिच्या वडिलांचं पुण्यात ऑपरेशन होतं, बाकीच्या बायका सुट्टीला भारतात. "इला, यंदा तू बघशील का? एकदम सिंपल कर. आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काहीतरी. बेचाळीस जण."

बेचाळीस माणसांनी आपल्या हातचं न घाबरता खावं, एवढंच इलाला हवं होतं. ते झालं नाही तर जन्मभर पेपर प्लेट्स.

त्या रविवारी तिच्या डायनिंग टेबलवर सभा भरली. ती, हेमचंद्र आणि मी.

"दही नाही," ती म्हणाली. "ओलं खोबरं नाही. पनीर नाही. मेयोनेज नाही."

"मग राहिलं काय?" हेमचंद्र म्हणाला. "खडीसाखर?"

"तिखटमिठाच्या पुऱ्या. मोहन जास्त, पीठ घट्ट. शुक्रवारी संध्याकाळी तळायच्या. दाण्याची चटणी बुधवारी. गूळपापडीच्या वड्या गुरुवारी. गुळांबा आधीच्या आठवड्यात. बटाट्याची कोरडी भाजी..." इथे ती थांबली. "बटाट्यावर माझा विश्वास नाही."

बटाट्याबद्दल असं बोलताना मी प्रथमच कुणाला ऐकत होतो. एरवी अख्खा महाराष्ट्र त्याच्या भरवशावर प्रवासाला निघतो.

"भाजी शनिवारी सकाळी," तिनं ठरवलं. "कांदा न घालता. पूर्ण गार करून मगच भरायची."

"इला, ह्या सगळ्याला काही होत नाही," हेमचंद्र म्हणाला. "आपल्या आज्या हेच बांधून काशीला गेल्या. शेकडो वर्षांचा डेटा आहे."

"तो डेटा परत आलेल्यांचा आहे," इला म्हणाली.

तिनं तिच्या पद्धतीनं चाचणी घ्यायची ठरवली. जिथे पिकनिक व्हायची तिथेच, तितकाच वेळ. शुक्रवारी ती घरून काम करते आणि नदीकाठची ती बाग आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे. दर शुक्रवारी दहाला एक भरलेला स्टीलचा डबा तिथे ठेवायचा आणि तीनला आणून तपासायचा. झाकणाला आतून नाण्याएवढं यंत्र चिकटवायचं. ते दर मिनिटाला तापमानाची नोंद घेतं आणि त्याला पाणी लागलं तरी चालतं.

त्या बागेत शेल्टर नंबर दोनच्या, म्हणजे पिकनिकसाठी बांधलेल्या उघड्या छपराच्या, मागे एका जुन्या देवदाराचा कापलेला बुंधा आहे, चार माणसं बसतील एवढा रुंद. आमच्याकडे अशा बुंध्यांवर पुन्हा झुडपं उगवतात. ह्याच्यावर लाल बेरींचं झुडूप आहे, करवंदाच्या धाकट्या बहिणी शोभतील अशा बेरी. भोवतीची झाडं इतकी उंच की ऊन वरच अडकतं. खाली शेवाळ. आवाज पडला की ते पिऊन टाकतं. तिथे टाळी वाजवली तर ती आपण वाजवली की नाही, अशी शंका येते. इलानं डबा त्या बुंध्यावर ठेवला, कारण तिथे सावली दिवसभर सारखी असते.

पहिल्या शुक्रवारी सव्वातीनला तिनं मला हाक मारली.

डबा टेबलावर होता. झाकण बंद, दोन्ही क्लिपा लावलेल्या. "उचलून बघ," ती म्हणाली. डबा हलका होता. उघडला. आत काही नव्हतं. डबा घासलेला, पुसलेला, यंत्र जागच्या जागी. आणि एका कोपऱ्यात चार लाल बेरी.

"रॅकून असेल, कचऱ्याचे डबे उपसतो तो," हेमचंद्र म्हणाला आणि दोन बेरी तोंडात टाकल्या.

"रॅकून डबा घासतो?"

"खाणं धुऊन खातो म्हणतात."

"खाणं. डबा नाही. आणि क्लिपा लावत नाही."

मी "कावळा" म्हणालो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कावळा मागे घेतला.

पण त्या बेरी कशासाठी, ते तिघांनाही कळलं होतं. कुणाच्या घरचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. हे जगात दुसरं कोण करतं?

"म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी आहे," मी म्हणालो. मला बरं वाटलं. ते फार तर तीन सेकंद टिकलं. आपल्यापैकी तर कुणीच इलाच्या हातचं खात नव्हतं.

इलाला ते सुचलंच नाही. ती डब्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "कुणीतरी खाल्लं," ती म्हणाली. "सगळं."

मग तिनं यंत्र लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर एक रेघ आली. अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत चोवीस अंश. मग रेघ चढत गेली आणि सदतीसला थांबली. दीड तास तिथेच, पट्टीनं मारल्यासारखी. मग एकदम बारापर्यंत खाली. मग पुन्हा चोवीस.

"उन्हात ठेवला असेल कुणी," हेमचंद्र म्हणाला.

"उन्हात रेघ वरखाली होते. ही सरळ आहे. बारा म्हणजे नळाचं पाणी, तेव्हा धुतला." तिनं पडद्यावरच्या सदतीसवर बोट ठेवलं. "आणि हे अंगाचं. कुणीतरी दीड तास डबा पोटाशी धरून बसलं होतं. मग खाल्लं."

"भूक असेल तर दीड तास कशाला बसेल?" मी विचारलं.

 तेवढ्यात डिशवॉशरनं पाणी सोडलं आणि आम्ही तिघेही खुर्चीतून उडालो.

हेमचंद्रचं मत पडलं की हे आता बंद करावं. तो चिडून नाही बोलला. त्याचा आवाज फार समजूतदार झाला होता, म्हणजे तो घाबरला होता.

"कसं बंद करू?" इला म्हणाली. "बेरी खाल्ल्यास ना तू?"

"दोनच."

"मग आता डबा जायलाच हवा."

त्यानं उरलेल्या दोन बेरी दूर सारल्या.  आमच्या नागपूरच्या घरी माझी आई आणि समोरच्या काकू ह्यांच्यात एक स्टीलची वाटी एकतीस वर्षं फिरत होती. मधली सहा वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं, वाटी चालू होती. परत करायची तर रिकामी चालत नाही, आणि भरून आली की ठेवून घेता येत नाही. हे चक्र थांबवायची सोय आपल्याकडे कुणी करूनच ठेवलेली नाही. फक्त समोरच्या काकू दिसायच्या तरी.

दुसऱ्या शुक्रवारी डबा परत आला तो तसाच, घासलेला, चार बेरी घातलेला. पण ह्या वेळी दाण्याची चटणी शिल्लक होती. टाकल्यासारखी नाही. डाव्या बाजूला, बोटानं कड सारखी करून, नीट सारून ठेवलेली. परक्या घरी जेवायला बसलेली माणसं न आवडलेली गोष्ट ठेवतात तशी.

इलानं तिखट लागावं तेवढी चटणी जिभेवर ठेवली आणि थुंकली. "दाणे खवट आहेत."

मी चाखली. मला काही कळलं नाही. तिनं सबंध पिशवी फेकली, नवे दाणे आणले. "बघ," ती म्हणाली, "बेचाळीस जणांना हेच गेलं असतं."

त्या दिवसापासून मला खरी भीती वाटायला लागली. बुंध्यावर जे काही येत होतं त्याची नाही, इलाची. ती त्याचा सल्ला घ्यायला लागली होती. पुऱ्यांत ओवा घालू का, तर बघू शुक्रवारी काय म्हणतंय. वड्या मोठ्या झाल्यात का, तर शुक्रवारी कळेल. सासूबद्दलही मी तिला इतक्या आदरानं बोलताना ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी म्हणालो, आपण पहारा करू. सुट्टी टाकली. बुंध्यापासून पन्नास पावलांवर एक बाक आहे. दहा वाजता तिनं डबा ठेवला, माझ्यासमोर, भरलेला. आम्ही दोघे बाकावर बसलो, मध्ये थर्मास आणि चहाचे दोन कप. बुंध्यापलीकडे एक पायवाट जाते. तिच्यावरून चालणारी माणसं झाडांच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतात. एक कोपर, एक कुत्रा, एक काठी. बाकी कुणी नव्हतं.

मी नजर हलवली नाही. मी गोष्टी सांगत होतो, ऑफिसातल्या, गावाकडच्या, कारण त्या जागी गप्प बसवत नाही. इला ऐकत होती. अकरा वाजून गेले आणि तिनं एकदम पोटावर हात ठेवला.

"नंदू, इथे गरम लागतंय."

"चहा घेतलास म्हणून."

"आतून नाही. वरून. कुणीतरी गरम भांडं टेकवलंय असं."

मी तिला पाणी दिलं. ती हात तसाच ठेवून बसली. बुंधा रिकामा होता, म्हणजे डबा होता आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं. तासाभरानं मी विचारलं, अजून लागतंय का, तर तिनं मान डोलावली. पाऊण वाजता तिनं हात काढला आणि म्हणाली, "गेलं."

तीन वाजता आम्ही बुंध्याजवळ गेलो. डबा दहा वाजता होता तिथेच होता. झाकणावर पाण्याचे थेंब होते. आत चार बेरी.

मी पळालो नाही. वेगानं चाललो, एवढंच. रेघ मी नंतर पाहिली. अकरा दहा ते बारा चाळीस, सदतीस.

पिकनिक शनिवारी होती. आदल्या गुरुवारी इलानं रजा घेतली आणि शेवटची चाचणी ठेवली. गुळांबा झाला होता, चटणी झाली होती, वड्या पाडल्या होत्या. पुऱ्यांचा एक छोटा घाणा तिनं सकाळीच तळला. ह्या डब्यात सगळं होतं, जसं बेचाळीस डब्यांत जाणार होतं तसंच, बटाट्यासकट.

तीनला आम्ही गेलो. तिनं डबा उचलला आणि तिचा हात खाली गेला, वजनानं. उघडला. पुरीची कडसुद्धा मोडलेली नव्हती. बेरी नव्हत्या.

लॅपटॉप तिनं बरोबर आणला होता. बाकावर बसूनच तिनं रेघ पाहिली. अकरा दहाला चढली, दीड तास सदतीस, मग पुन्हा चोवीस. बारा अंशांची घसरण ह्या वेळी नव्हती. म्हणजे कुणीतरी डबा पोटाशी धरून नेहमीइतकाच वेळ बसलं होतं, आणि न खाता ठेवून गेलं होतं.

"भूक नसेल आज," मी म्हणालो.

"किंवा ह्यात काहीतरी आहे."

"वास घे. चाख."

तिनं वास घेतला. चाखलं मात्र नाही. हेमचंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "मी आत्ता पिझ्झा सांगून ठेवतो. पंधरा मोठे. कुणी काही म्हणणार नाही."

"तेच तर," इला म्हणाली आणि फोन ठेवला. मग डब्याच्या क्लिपा पुन्हा लावल्या. "कंपनीत आमच्याकडे नियम आहे. फेल झालं आणि कारण सापडलं नाही, तर सगळी बॅच फेकायची. वाद नाही."

"मग?"

"नंदू, गेल्या दोन पिकनिकांना तू मला खाताना बघितलंयस?"

मी आठवून पाहिलं. ती प्लेट्स वाटायची, चमचे वाटायची, कचऱ्याच्या पिशव्या बांधायची.

"घरी खाते. तेही चिठ्ठी बघून. पण घराबाहेर नेलेलं माझ्या हातचं मी खाल्लेलं नाही. एक घास नाही. खवट दाणे दुसऱ्या कुणी काढून ठेवले म्हणून कळले. मी स्वतः आधी चाखलेच नव्हते." ती उठली. "आणि बेचाळीस लोकांनी खावं म्हणतेय."

ती डबा घेऊन एकटीच बुंध्याकडे गेली. मी बाकावरच थांबलो. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. ती बुंध्यावर बसली, डबा मांडीवर घेतला, क्लिपांवर बोटं ठेवली आणि काढली. मग डबा पोटाशी ओढला, दोन्ही हातांनी धरला, आणि बसली.

मला वाटलं, दोन मिनिटं लागतील. पाच लागतील. वारा नव्हता. झाडांतून कुठलातरी पक्षी एकच सूर धरून होता, तोही थांबला. ती हलत नव्हती. मी एकदा हाक मारली. शेवाळानं ती पिऊन टाकली असावी. मी घड्याळ बघायला लागलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. अर्धा तास झाला. तास झाला. मग माझ्या लक्षात आलं की मी कशाची वाट बघतोय.

तिनं डबा उघडला तेव्हा बरोबर दीड तास झाला होता.

तिनं खाल्लं. सावकाश, क्रमानं. पुरी, भाजी, चटणी, गुळांबा, शेवटी वडी. मग उठून शेल्टरच्या नळावर गेली, मातीनं डबा घासला, धुतला, शर्टाच्या टोकानं पुसला. परत येऊन बुंध्यावरच्या झुडपाच्या चार बेरी तोडल्या, डब्यात घातल्या, झाकण लावलं, क्लिपा लावल्या आणि डबा होता तिथे ठेवला.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "इला, तू आत्ता काय केलंस ते कळलं का तुला?"

"जेवले," ती म्हणाली. मग लॅपटॉप उचलता उचलता, "मीठ बरोबर आहे."

शुक्रवारी सकाळी तिचं पोट ठणठणीत होतं. संध्याकाळी दोनशे दहा पुऱ्या झाल्या. हेमचंद्र लाटत होता, मी तळत होतो, आणि आमच्या दोघांच्या कामात ती ज्या चुका काढत होती त्या ऐकून मला फार हायसं वाटत होतं.

शनिवारी बेचाळीस डबे शेल्टर नंबर दोनच्या टेबलावर रचून ठेवले. माणसं आली, क्रिकेट झालं, मुलं भिजली, एक वाजला. प्रत्येकानं येऊन डबा उचलला, "वा, काय पॅकिंग केलंय" म्हटलं, आणि समोर ठेवला. एकानंही उघडला नाही. कुणाला फोन आला, कुणाला हात धुवायचे होते. एक जण म्हणाला की त्याचा शनिवार असतो. सौमित्रनं वडिलांसाठी थर्मासमध्ये मुगाची खिचडी आणली होती आणि विष्णूकाका तिच्याकडे, कैद्यानं भिंतीकडे बघावं तसे बघत होते.

इलानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ती मधल्या बाकावर बसली, स्वतःचा डबा उघडला आणि जेवायला लागली. पाहुण्यांच्या आधी, कुणाला आग्रह न करता, मान खाली घालून. शेल्टरमध्ये एवढी शांतता झाली की पुरी मोडल्याचा आवाज आला.

विष्णूकाका काठी टेकत उठले. सौमित्र म्हणाला, "बाबा, नको हं."

"गप रे. तीन वर्षं मूग खातोय. आता मला मोड यायचे राहिलेत." त्यांनी एक डबा उचलला आणि येऊन इलाच्या समोर बसले. मी तिच्या शेजारी होतो.

त्यांनी डबा उघडला, पुरीचा तुकडा चटणीला लावला, खाल्ला. मग म्हणाले, "गेला का राग?"

"माझा?" इला म्हणाली. "काका, राग तुम्हाला यायचा. मला कसला?"

"मग हाक मारली की उठून का जायचीस?"

"कधी?"

"अगं, गेला महिनाभर. मी मागच्या पायवाटेनं फिरतो ना. तू त्या बुंध्यावर बसलेली असायचीस, डबा पोटाशी धरून. मी 'इला' म्हटलं की झाडांत शिरायचीस. म्हटलं, पोरगी अजून मनाला लावून बसलीय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "एकदा तर हासुद्धा होता. त्या तिथल्या बाकावर."

"मी त्याच्या शेजारी होते काका, त्या दिवशी."

"छे गं. हा एकटाच होता. शेजारी दोन कप मांडून एकटाच बडबडत होता. मला वाटलं, ऑफिसचं टेन्शन असेल."

 मी इलाकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलं. ती शेल्टरच्या मागे झाडांकडे बघत होती. हातात अर्धी पुरी तशीच होती.

"काका," ती म्हणाली, "ती खायची का? तुम्ही बघितलंत खाताना?"

तिनं 'मी' म्हटलं नव्हतं. विष्णूकाकांच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल. ह्या वयातल्या माणसांचं सांगता येत नाही.

"खायचीस की. आधी खूप वेळ नुसती बसायचीस, भ्यायल्यासारखी. पण एकदा उघडलास की सगळं संपवायचीस. एकदा मात्र चटणी टाकलीस, ते मी बघितलं."

आमच्या मागे एका डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. मग दुसऱ्याचा. मग एकदम पाचसहा.

"बरं झालं," इला म्हणाली. "उपाशी नाही राहिली." आणि विष्णूकाकांची पुरी संपली होती म्हणून तिनं आपल्या डब्यातली एक उचलून त्यांच्या डब्यात ठेवली. ते नको म्हणाले नाहीत.